लेख अपुरा येतोय

स्टुलावर चढून तिने कपाटावरच्या डबीची वायर उपटली, जरा थांबली आणि परत खुपसली. डबीचा हिरवा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. खाली सासरे हातातली पाटी छातीशी धरून उभे होते, खिडकीवर आपला नंबर यायची वाट बघत उभं राहावं तसे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"होतंय, अप्पा."

"घाई नाही गं. पण तो लेख आजही अपुराच आलाय."

तिने स्टुलावरच डोळे मिटून घेतले. तो लेख म्हणजे कुठला, हे विचारायची सोयच उरली नव्हती. महिना होत आला, तोच एक लेख. बुद्धिबळाच्या कुठल्याशा साइटवरचा, घोड्यांच्या शेवटच्या डावाबद्दलचा, दोन वर्षांपूर्वी लिहिलेला. घरातल्या बाकी सगळ्यांचे लेख येत होते, वाचले जात होते, पुसले जात होते. हा एक मात्र मानगुटीवर बसला होता.

"कालच बघितला मी," ती खाली उतरत म्हणाली. "सगळा आहे. शेवटचा परिच्छेदसुद्धा आहे."

"त्याच्या पुढे जे..."

"त्याच्या पुढे काही नाहीये, अप्पा. लिहिणारा तिथेच थांबलाय. त्याला मी काय करू?"

अप्पा बरं म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. एवढ्या लवकर बरं म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत होती.

हे पाटीचं खूळ तिनेच घरात आणलं होतं. अप्पांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, झगमगत्या स्क्रीनकडे बघायचं नाही, कॉम्प्युटर नाही, मोबाइल तर नाहीच. तिचा नवरा म्हणजे वडिलांच्या बाबतीत आज्ञाधारकपणाचा कळस. त्याने घरी आल्या आल्या अप्पांच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर उचलला आणि ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकला. अप्पांनी विचारलंदेखील नाही. नुसते टेबलावरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. मग त्यांनी त्या जागी बुद्धिबळाचा पट आणून ठेवला. त्यावर एक अर्धवट डाव मांडला होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. कामाला येणाऱ्या बाईंनी एकदा फडकं फिरवायला घेतलं तर आयुष्यात आवाज न चढवलेला हा माणूस त्यांच्यावर ओरडला होता. तेव्हापासून सोंगट्यांवर धूळ बसत होती.

दिवसभर भिंतीकडे बघणारे सासरे तिला बघवेनात. म्हणून तिने ही पाटी आणली. कागदासारखा पडदा, झगमगाट नाही, अक्षर हवं तेवढं मोठं करा. अप्पांनीच तिला पाटी हे नाव ठेवलं. पण अप्पांचं वाचन सगळं इंटरनेटवरचं. आज हा लेख, उद्या तो. पाटीवर साधं पान उघडायचं म्हटलं तरी ती पाय ओढत चालायची आणि शेवटी अर्ध्यातच बसकण मारायची. लेख आधी कुठेतरी साठवून, झाडूनपुसून, पुस्तकासारखे बांधून पाटीवर पाठवायला हवे होते.

असं करून देणाऱ्या तयार सेवा बाजारात होत्या. अशाच एकीवर तिने स्वतः कितीतरी वर्षं लेख साठवले होते. एक दिवस त्या लोकांची गोड शब्दांतली मेल आली, आम्ही दुकान बंद करत आहोत, आपल्या प्रेमाबद्दल आभार. साठवलेले लेख मिळाले म्हणजे नुसते पत्ते मिळाले, आणि त्यातले निम्मे पत्ते ओसाड. त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता दुसऱ्याच्या दारात काही ठेवायचं नाही. तिने डबीएवढा छोटा कॉम्प्युटर आणून कपाटावर बसवला. डबी आपली, सर्व्हर आपला, लेख आपले. ते बिघडल्यावर निस्तरायचंही आपणच, हे मात्र तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तर काय, निस्तरणं हाच आता उद्योग झाला होता. सुरुवातीला पाटीवर मराठी अक्षरं यायची ती हातपाय मोडून. जोडाक्षर म्हणून दिसलं तर शपथ. वेलांट्या अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसायच्या. त्यासाठी तिने तीन फॉन्ट बदलले. ते जमलं तर चित्रं यायची बंद झाली, आणि बुद्धिबळाच्या लेखात पटाची चित्रं नसतील तर उरतं काय? तो गुंता सोडवण्यात एक अख्खा रविवार गेला. मग डबी भरली. मग डबीने आपणहून स्वतःला नवं करून घेतलं आणि जुनं सगळं विसरली.

"एवढ्या वेळात तू छापखाना टाकला असतास," नवरा म्हणायचा.

बोलायला याचं काय जातं? पण आयता अंक वाचायला तोच पहिला. अप्पांची पाटी बघून त्यानेही आपल्यासाठी एक आणली होती आणि सकाळी बसमध्ये तो त्याच्यावर वाचत जायचा. दिवसभरात तिच्या मोबाइलवरून जे जे साठवलं जाई ते डबी पहाटे एकत्र बांधायची, वर 'आजचा अंक' असं नाव घालायची आणि दोन्ही पाट्यांवर टाकायची. दोघांना वेगळे अंक काढावेत असं तिच्या डोक्यात कधीकधी यायचं, पण कोण तो व्याप वाढवणार. अप्पा गाड्यांचे लेख सोडून देत, नवरा बुद्धिबळाचे. भागत होतं.

नाही भागलं ते फक्त या एका लेखाचं.

"तो घोड्यांचा लेख परत घे ना," अप्पा दोन दिवसांआड म्हणायचे. तो आधीच घेतलाय असं ती सांगायची. तो जुना झाला, नवीन घे, असं ते म्हणायचे. दोन वर्षांपूर्वीचा लेख नवीन कुठून आणायचा? डबीचंही तेच म्हणणं होतं. पुन्हा साठवायला जावं तर ती लिहून दाखवायची की हा लेख आपल्याकडे आधीपासूनच आहे. मग ती तो पुसायची, परत घ्यायची, परिच्छेद न् परिच्छेद ताडून बघायची, चित्रं ताडून बघायची. दुसऱ्या दिवशी अप्पा पाटीवर पानं उलटत उलटत शेवटी यायचे, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघायचे आणि पाटी उपडी ठेवायचे. अपुरा आहे. बस, एवढंच. काय अपुरं आहे ते सांगतील तर शपथ.

तिने अक्षरशः हात टेकले. ऑफिसातून दमून यावं आणि घरी पुन्हा तेच चालत नाही, दिसत नाही, येत नाही. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होती. दिवसभर वॉर्डावॉर्डातून हेच रडगाणं ऐकायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. घरच्या रडगाण्याला तर पगारही नव्हता.

एके दिवशी नवऱ्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलायला लागला.

"रोज तोच लेख मागतात. तुझ्या लक्षात येतंय का? मागितल्याचं त्यांना आठवत नाही."

तिच्या हातातली बशी तशीच राहिली.

"माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "एकच पुस्तक रोज दुकानातून विकत आणायचे."

मेंदूच्या डॉक्टरांची त्याने वेळही घेऊन टाकली होती, मंगळवारची. अप्पांना सांगायचं की ऑपरेशननंतरची सगळी तपासणी आहे. बोलताना तो बेसिनच्या नळाशी चाळा करत होता, आणि नळ बंदच होता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला बरं वाटलं. म्हणजे डबीत खोट नव्हती, तिचं काही चुकत नव्हतं. लगेच त्या बरं वाटण्याची तिला शरम वाटली. मग सगळं आठवत गेलं. अप्पांचं ते कोऱ्या जागेकडे बघत बसणं, जुना झाला नवीन घे म्हणणं. हो की, असंच तर असतं म्हणतात. रात्री जेवताना अप्पांना तपासणीचं सांगितलं तर त्यांनी आधी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या. जाऊ या, म्हणाले.

रविवारी दुपारी नवरा गाडी धुवायला खाली गेला होता. तिच्या मनातून ते जात नव्हतं. डॉक्टरांपुढे वडिलांसारख्या माणसाला बसवायच्या आधी आपल्या बाजूने एकदा शेवटचं बघू, असं ठरवून तिने लॅपटॉप उघडला आणि एका बाजूला डबीतला लेख लावला, दुसऱ्या बाजूला साइटवरचं मूळ पान. ओळीला ओळ लावत ती खाली आली. कुठे काना इकडचा तिकडे नव्हता. डबीतला लेख संपला. मूळ लेखही तिथेच संपला.

मूळ पान मात्र संपलं नव्हतं. लेखाखाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया होत्या.

त्या काढून टाकायचा नियम तिनेच डबीत घातला होता. अगदी पहिल्या दिवशी, जाहिराती आणि 'हेही वाचा' यांच्या जोडीला. आणि केवढ्या समाधानाने. प्रतिक्रिया म्हणजे काय, तर भांडणं नाहीतर कर्जाच्या जाहिराती. लेखाचा कचरा. तिने बोटाने पान खाली सरकवत नेलं.

आधी चारदोन जणांचं छान लेख, सुंदर लेख. मग थोरली असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं होतं, काळ्याने इथे हत्ती हलवायला नको होता. त्याखाली धाकटा नावाने उत्तर होतं, हलवला नसता तर घोडा गेला असता. थोरलीने लिहिलं होतं, "तुला लहानपणापासून घोड्याचं फार. चल, इथून पुढे खेळून दाखव." आणि तिथून पुढे दोघं खेळतच सुटले होते. दिवसाला एक खेळी, कधी आठवड्याला एक. मधेच कुणी तिसऱ्याने तोंड घातलं होतं तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं होतं. एक डाव संपला होता, दुसरा संपला होता, तिसरा चालू होता.

तिला कळलं नाही असं नाही. पण एका ठिकाणी येईपर्यंत तिने ते स्वतःला कळू दिलं नाही.

"त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात मी जे बोलले ते मला जन्मभर खाणार आहे," थोरलीने लिहिलं होतं. "तू उत्तर देऊ नकोस. खेळी लिही."

खाली धाकट्याने लिहिलं होतं, "हत्ती दोन घरं पुढे."

जिन्यातलं ते बोलणं तिलाही पाठ होतं. तीही तिथेच उभी होती. सासूबाई गेल्या त्या सकाळी अप्पांची मोठी बहीण धापा टाकत जिना चढून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, तुम्ही तिला आणायलाच उशीर केलात. अप्पा काही बोलले नाहीत. बोलला तो मुलगा. आमच्या घराची पायरी चढायची नाही, फोन करायचा नाही, आम्हीही करणार नाही. आईला हॉस्पिटलात न्यायला निघताना गाडीची किल्ली सापडत नव्हती ती त्यालाच, म्हणून ते बोलणं नेमकं त्याच्याच वर्मी लागलं होतं. तेव्हापासून घरात आत्या हा शब्द कुणी उच्चारत नसे. अप्पांनीही मूग गिळले ते गिळलेच, असं सगळे धरून चालले होते.

ती शेवटाकडे गेली. धाकट्याने लिहिलं होतं की डोळ्याचं ऑपरेशन आहे, थोडे दिवस थांब. त्यानंतर धाकटा नव्हताच. नुसती थोरली.

"थांबते. घाई नाही."

"दिसायला लागलं का?"

"तुझीच खेळी आहे. पट तसाच ठेवलाय मी."

"पोराने बंद केलं असेल तर त्याला काही बोलू नकोस. त्याच्या जागी मी असते तर मीही दार लावून घेतलं असतं."

आणि अगदी शेवटची, परवाची, "तू आहेस एवढं कळू दे मला. काहीही खेळ. चुकीचं खेळलास तरी चालेल."

ऑफिसात नवीन माणूस आला की ती त्याला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवायची. कुणी तक्रार घेऊन आलं की दुरुस्तीला हात घालायच्या आधी विचारायचं, तुम्हाला काय दिसायला हवं होतं? एवढं एक विचारलं की निम्मं काम होतं, असं ती सांगायची. अप्पांना तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. ते सांगायला लागले तेव्हा त्यांचं वाक्यसुद्धा तिने पुरं होऊ दिलं नव्हतं. तिला स्वतःचा असा राग आला की लॅपटॉप मिटताना तो जरा आपटलाच.

अप्पा खोलीत पटासमोर बसले होते, हात मांडीवर ठेवून. ती दाराशी थांबली.

"अप्पा, लेखाच्या खालचं दिसायला हवं होतं ना तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली. मग खिडकीकडे बघितलं. खालून गाडीवर पाणी मारल्याचा आवाज येत होता.

"त्याला कळलंय?"

"नाही."

"मग नको सांगूस." अप्पा म्हणाले. "मंगळवारी येतो मी डॉक्टरांकडे. विसरायला होतं म्हणून सांगेन. काय बिघडतं?"

तिचा संताप झाला, कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. लोक तुम्हाला वेडं ठरवतील, गोळ्या सुरू करतील, हे काय खूळ आहे, असं ती बरंच काही भडाभडा बोलून गेली. फोन नाही का करता येत, असंही म्हणाली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोनवर काय बोलणार आम्ही?" ते म्हणाले. "त्याचं दुःख आईचं आहे. मी त्याला काय सांगू, मला माझी बहीण हवी आहे म्हणून? त्यापेक्षा विसराळू बरा."

तिने खुर्ची ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. थोरली वाट बघतेय, खेळी सांगा, मी आत्ता लिहून टाकते, असं तिने म्हटलं. ती काय काय लिहितेय तेही वाचून दाखवते म्हणाली. पण अप्पांना ते नको होतं. इतक्या दिवसांचं साचलंय, मला माझं वाचू दे आधी, पाटीवर येईल ना, असं त्यांनी विचारलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी डबीकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती द्यायला मिनिटभराचं काम होतं. तिने नियम खोडला. जुना लेख पुसला, नवा घेतला. डबीने या वेळी एका शब्दाने कुरकुर केली नाही. उद्या सकाळी वाचा, संध्याकाळी मी आले की खेळी लिहू, असं ठरलं.

सोमवारी सकाळी अप्पा चहाला आले नाहीत. ती कप घेऊन गेली तर ते खिडकीशी पाटी डोळ्यांजवळ धरून बसले होते. पाटीवरचं अक्षर एवढं मोठं केलेलं की एका वेळी एकच वाक्य मावत होतं. तिने कप ठेवला तेही त्यांना कळलं नाही. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत ऑफिसला गेली.

दुपारी वॉर्डातल्या एका सिस्टरचा फोन आला. त्यांच्या वॉर्डासाठी काढलेली सूचना सगळ्या हॉस्पिटलला गेली होती आणि आता जो तो त्यांना फोन करत होता. असं कसं झालं, असं सिस्टर विचारत होत्या.

"पाठवताना सगळ्यांची नावं तशीच राहिली असतील," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

अंक एकच होता. दोन्ही पाट्यांना जाणारा.

तिने घाईघाईने मोबाइलवरून डबीतली नोंद तपासली. अंक दोन्हीकडे पोचला होता, पहाटेच. पाटीवर एकदा पडलेला अंक परत बोलवायची काही सोय तिने केलेली नव्हती. कशाला करणार होती? नवऱ्याला फोन लावला तर तो उचलेना. तो बुद्धिबळाचं कधीच वाचत नाही, तिने स्वतःची समजूत घातली. तरी परत फोन लावला. संध्याकाळपर्यंत तिने काय काम केलं ते तिचं तिलाच ठाऊक. एक गोष्ट धड करता येत नाही आपल्याला. बंद ठेवलं तेव्हा म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावला आणि उघडलं तर अख्ख्या घराला उघडलं.

ती घरी आली तेव्हा नवरा आलेला नव्हता. अप्पांचे डोळे लाल होते, पण ते ऑपरेशनमुळेही असतील. त्यांनी सोंगट्या फडक्याने एकेक करून पुसल्या होत्या. ही चूक त्यांना कशी सांगावी याचा विचार करत तिने लॅपटॉप उघडून ते पान लावलं. खाली उत्तर लिहायचा चौकोन होता. त्यात कर्सरची काठी लुकलुकत होती.

"अप्पा, एक घोळ झालाय माझ्याकडून," तिने सुरुवात केली.

तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं. बूट काढल्याचा आवाज आला नाही. नवरा तसाच आत आला, खांद्याला बॅग, हातात पाटी. खोलीच्या दारात थांबला. अप्पांचा हात पटावर होता तो तसाच राहिला. तिला वाटलं, आता सुरू होईल. जिन्यात झालं होतं तसं.

"म्हटलं, बघू तरी त्या लेखात एवढं काय आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांना सांगायला बरं पडेल."

त्याने बॅग खाली ठेवली. पाटी पलंगावर ठेवली, ती पडेल म्हणून परत आत सरकवली.

"उद्याची वेळ रद्द केली मी," तो म्हणाला.

अप्पांनी मान हलवली. वर बघितलं नाही. मग फार वेळ आधीच ठरवून ठेवलेलं असावं तसा त्यांनी उंट उचलला आणि तिरका नेऊन ठेवायला लागले. मुलगा दारातून दोन पावलं पुढे आला. त्याने पट बघितला. लहानपणी सुट्टीत आत्याकडे राहायला गेला की तो तिच्याशी रोज खेळायचा आणि रोज हरून रडायचा, हे सासूबाईंनी एकदा तिला सांगितलं होतं.

"तो नका हलवू," तो म्हणाला. "आत्या घोडा आणून शह देईल. मला असंच फसवायची ती."

"माहीत आहे," अप्पा म्हणाले.

"मग?"

"देऊ दे."

उंट त्यांनी तिथेच ठेवला आणि बोट काढून घेतलं. मुलगा पटाकडे बघत राहिला. मग त्याने पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती, त्याला नीट दिसतही नसावं.

"हराल अशाने," तो खाली वाकूनच म्हणाला.

"लगेच नाही," अप्पा म्हणाले. "बरेच दिवस लागतील तिला."

त्यांनी सुनेकडे बघितलं. तिने चौकोनात खेळी लिहिली, खाली नाव घातलं, धाकटा, आणि बटण दाबलं.